सरावाचं डोकं

मित्रांनो, मानवाच्या प्रगतीचं सारं श्रेय डोक्याला आहे. शहरं डोक्यानं वसवली, यंत्रं डोक्यानं शोधली, आणि ती बिघडल्यावर खापर कुणावर फोडायचं तेही डोक्यालाच सुचलं. हात राबतात, पाय झिजतात, पण टोपी मिळते ती डोक्याला. हे मी अधिकारानं सांगतो, कारण मी स्वतः एक जुनं डोकं आहे.

म्हणजे, डोकंच आहे. बाकी काही नाही. माझ्या मानेखाली एक भोक आहे, त्यात लोखंडी खुंटी बसते आणि ती खुंटी टेबलाच्या कडेला आवळतात. आतून मी पोकळ आहे. केस कापायला शिकणाऱ्या मुलींना सराव हवा म्हणून मला तयार केलं. क्लासमध्ये मला ‘डमी’ म्हणतात. त्याचं मला काही वाटत नाही. तिथं शिकवणाऱ्या मॅडमना मुली पाठीमागे जे म्हणत, त्यापेक्षा ते बरंच सभ्य होतं.

माझा जन्म कारखान्यात, साच्यातून झाला. डोळे रंगवणारा माणूस उजवी भुवई नीट काढून डाव्या भुवईपाशी आला आणि कुणीतरी त्याला जेवायला हाक मारली. ती भुवई जरा वरच राहिली. तेव्हापासून मी सगळ्यांकडे ‘असं का?’ अशा चेहऱ्यानं बघतो. केस मात्र माझे खरे आहेत. कुणा अनोळखी बाईचे. त्यांचे आभार मानायचे राहून गेले.

आमचं वय केसांच्या लांबीवर ठरतं. टेबलाखाली लोंबणारे केस म्हणजे बालपण. खांद्यापर्यंतचे म्हणजे तारुण्य. खांदे नाहीत, तेव्हा अंदाजानं घ्या. बॉबकट झाला की पोक्तपण आणि बॉयकट झाला की निवृत्ती. कारण आमचे केस पुन्हा वाढत नाहीत. माझ्यावर झालेली चूक कायमची. एवढं एक वाक्य ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

क्लासमध्ये आम्ही ओळीनं आरशासमोर उभे असायचो. मॅडम टाळी वाजवून सांगायच्या, “मुलींनो, डोकं ते डोकंच! याच्यावर हात बसला की माणसावर बसला. फरक एवढाच, हे बोलत नाही.” सारा क्लास या वाक्यावर उभा होता. सराव डमीवर, परीक्षा डमीवर, बक्षीसही डमीवरच्या कामाला. जिवंत माणसं पुढं दुकानात भेटणारच होती, त्यांची आताच काय घाई?

माझ्या वाट्याला आली ती चिमणी. हे तिचं घरातलं नाव. आवाज बेताचा, अंग चोरून चालणं. शाळेच्या शेवटच्या वर्षी त्यांच्याकडे एक मार्गदर्शक भाषणाला आले होते. ‘जे आवडतं तेच काम निवडा, यश मागे धावत येईल,’ असं त्यांनी सांगितलं आणि तीनदा घड्याळ पाहिलं. त्यावरून त्यांना स्वतःचं काम किती आवडत होतं ते कळलंच असेल. चिमणीला बाहुल्यांचे केस विंचरायला आवडत. तिच्या वडिलांनी ते भाषण मागच्या बाकावर बसून ऐकलं आणि घरी येऊन जाहीर केलं, “ठरलं! पोरगी पार्लर काढणार.” वडील सुतार. एकदा माप घेतलं की पुन्हा मोजत नाहीत, असा त्यांचा लौकिक होता.

मित्रांनो, चिमणीचा हात मात्र खरोखर गुणी होता. तिची कात्री केसांतून अशी जायची की मला गुदगुल्या व्हायच्या. बाकीच्या मुली आपापली डोकी आरशाकडे तोंड करून लावायच्या, ही मला दाराकडे तोंड करून लावायची. मॅडमनी ते पाहिलं आणि त्या हरखल्या. “बघा! आरशात न बघता कापते! याला म्हणतात आत्मविश्वास!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चिमणी खाली मान घालून हसली.

खरी गोष्ट फक्त मला ठाऊक होती. आरशातून माझे रंगवलेले डोळे तिच्याकडे बघतात, हे तिला सोसत नव्हतं. माझे, डमीचे डोळे!

सुट्टीच्या दिवशी सरावासाठी ती मला पिशवीत घालून घरी न्यायची. बसमध्ये माझं नाक बाहेर यायचं. कंडक्टर एकदा वाकून म्हणाला, “याचं तिकीट?” मागची एक आजी म्हणाली, “अहो, अर्धंसुद्धा नाही ते, अर्ध्याचं अर्धं घ्या.” सगळी बस हसली. सगळ्यांनी चिमणीकडे पाहिलं. तिनं पिशवीचं तोंड इतकं घट्ट आवळलं की माझं नाक आजही किंचित डावीकडे आहे. पुढच्या थांब्यावर ती उतरली आणि उरलेली वाट पायी गेली.

घरी वडील, ती आणि मावशी. आई गेल्यापासून मावशीनंच तिला वाढवलं होतं. मावशी दिवसभर बोलते आणि मधे श्वास घेते तो केवळ नाइलाजानं. घराची पुढची खोली म्हणजे वडिलांची काम करायची जागा. तिथं त्यांचं रंधा मारायचं लाकडी बाक होतं, त्यांच्या वडिलांपासूनचं. क्लास संपत आला तेव्हा ते बाक मागच्या बोळात गेलं, वर एक ताडपत्री आली, आणि पुढच्या खोलीत वडिलांनी दुकान उभं करायला घेतलं. कपाट, खुर्ची, पाट्या सगळं स्वतःच्या हातानं. आणि समोरच्या भिंतीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आरसे.

“गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की त्याला माझी पोरगी लख्ख दिसली पाहिजे!” वडील चौकटीवर हात फिरवत म्हणाले.

“छान झालंय, बाबा,” चिमणी म्हणाली. तिचा रंग माझ्यासारखा झाला होता, म्हणजे प्लास्टिकसारखा.

दुकान उघडायचा रविवार ठरला. त्याआधी मावशीनं जाहीर केलं, “पहिला मान माझा. मी काही डमी नाही हं, सांभाळून काप.” ती खुर्चीत बसली आणि बोलू लागली. शेजारणीचा विषय निघाला तेव्हा मान डावीकडे गेली, शेजारणीच्या सुनेचा निघाला तेव्हा उजवीकडे. चिमणीनं कपाळावरची झुलपं चिमटीत धरली. मावशीनं आरशातून तिच्याकडे बघून विचारलं, “काय गं, अशी का बघतेस?” आणि कात्री चालली.

झुलपं भुवईच्या वर असायला हवी होती. तशी ती होतीच. फक्त भुवईपासून इतकी वर, की त्यांची आणि भुवईची ओळख उरली नाही.

मावशीनं स्वतःला निरखलं. “अगंबाई! मी तर शाळेत घालण्यासारखी झाले की!” ती मनापासून हसली. “जाऊ दे गं, वाढतील.”

मी कोपऱ्यात खुंटीवर होतो; क्लास संपल्यावर चिमणीनं मला कायमचं घरी आणलं होतं. ‘वाढतील’ हा शब्द आमच्या जातीनं कधी ऐकलेला नाही. ज्या डोक्यावर चूक कायमची राहते, त्या माझ्यापाशी, तोंड तेवढं दाराकडे फिरवून, ही मुलगी निर्धास्त होती; आणि जिथं ती महिन्याभरात भरून निघते, तिथं तिची कात्री बिचकत होती. तिला केसांची भीती नव्हतीच. तिला बघणाऱ्यांची होती. आणि ते कुणीच तपासलं नव्हतं.

दुपारी ती माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. “बाबांना कसं सांगू रे?” ती म्हणाली. “त्यांनी बाक बोळात नेलं.” मी डावी भुवई वर करून ऐकत राहिलो. दुसरं काही करताही येत नाही. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आत पोकळ असण्याऐवजी काहीतरी असतं तर बरं झालं असतं.

शनिवारी संध्याकाळी वडील स्वतः खुर्चीत बसले. केसांत लाकडाचा भुसा, चेहऱ्यावर समारंभ. “चल, मालकीणबाई. उद्याच्या आधी बापाचं डोकं नीट कर.”

चिमणीनं कात्री उचलली. वडील आरशातून तिच्याकडे बघत होते, डोळे भरून. कात्री हवेतच राहिली.

“का गं थांबलीस?”

“तुम्ही बघताय.”

वडील हसले. “एवढंच ना? हे बघ, मिटले डोळे. काप आता.”

“सगळी गिऱ्हाइकं डोळे मिटणार का, बाबा?”

वडिलांनी डोळे उघडले नाहीत. मग चिमणीनं सगळं सांगितलं. दाराकडे तोंड केलेलं डोकं, टाळ्या, बस, मावशीची झुलपं. सांगताना ती वडिलांच्या मानेकडे बघत होती.

“मग पार्लर नकोच का तुला?” वडिलांनी विचारलं. आवाज लाकडासारखा कोरडा.

“माहीत नाही. केस आवडतात. माणसं जमतील का, माहीत नाही. मी अजून माणसांवर काम केलंच कुठं आहे?”

वडील उठले. भुसा तसाच. नव्या पाटीपाशी गेले आणि तिचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं. रागानं नाही, जपून. मग म्हणाले, “लाकूड कापण्याआधी मी त्याला हात लावून बघतो. तुला विचारायचं मात्र राहिलं.” आणि ते बोळात निघून गेले. त्या संध्याकाळी रंध्याचा आवाज आला नाही.

रविवारी दुकान उघडलं नाही. शेजारणीनं विचारलं, तिच्या सुनेनं विचारलं, मावशीनं दोघींना आखूड झुलपांखालून उत्तरं दिली. आता चिमणी मोठ्या रस्त्यावरच्या एका सलूनमध्ये जाते. कात्री नाही. लोकांची डोकी धुते, पुसते, खालचे केस झाडते. येते तेव्हा बोटं पाण्यानं सुरकुतलेली असतात. कधी रडवेली असते, न जेवता झोपते. परवा मात्र जेवताना म्हणाली, “आज एक बाई आरशातून बघत होत्या. मी पण बघितलं. थोडंसं.” वडिलांनी पोळीचा घास तसाच हातात धरला आणि विचारलं, “मग?” ती म्हणाली, “मग काही नाही. पाणी गरम आहे का, एवढंच विचारलं त्यांनी.”

हे दुकान कधी उघडेल का, मला ठाऊक नाही. कदाचित इथं पुन्हा रंधा चालेल. बाक अजून बोळात आहे, आरसे अजून भिंतीवर.

मित्रांनो, तुम्हीही उद्या काम निवडाल. लोक टाळ्या वाजवतील, बक्षिसं देतील, तुमच्या आधीच तुमची पाटी रंगवतील. पण त्याआधी जिथं ते काम खरोखर चालतं तिथं काही दिवस जाऊन या. हलणाऱ्या, बोलणाऱ्या, वैतागणाऱ्या माणसांत उभे राहा. आणि भीती वाटली तर ती माझ्यासारख्या डमीला सांगत बसू नका. ज्याला उत्तर देता येतं अशा कुणाला तरी सांगा, वेळेवर सांगा. तुमचं तारुण्य माझ्या केसांसारखं आहे.

बाकी माझं काही मागणं नाही. फक्त चिमणीचे वडील हल्ली मोजमापाची टेप माझ्या नाकाला अडकवून ठेवतात. नाक आधीच वाकडं आहे. जाता जाता कुणीतरी ती तेवढी काढा.