चाकातला संघ

पपांना पुरून दोन आठवडे झाले, आणि एका शनिवारी दुपारी त्यांच्या संघातले जुने सोबती नॉर्मंड पेल्टिए पपांचा पत्र्याचा डबा मागायला आले. डब्यात काय आहे ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. गावच्या ग्रंथालयात जुन्या बेसबॉल संघासाठी काचेचं एक कपाट मांडायचं होतं आणि त्यात १९५७ सालचं संघाचं कार्ड हवं होतं. त्या वर्षी गावातल्या बेकरीने ही कार्डं पावाच्या पुड्यांतून वाटली होती. तेव्हा घरोघरी होती. आता आमचंच एक उरलं होतं.

ओव्हनमध्ये बीन्स शिजत होत्या. मी टेबल पुसून कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. दोन रांगांत सतरा माणसं, मागे कुंपणाशी न वितळलेला बर्फ. फोटो एप्रिलमधला, एकही सामना हरायच्या आधीचा, त्यामुळे सगळे हसताहेत. पुढच्या रांगेत पपा एक गुडघा टेकून बसलेत. ते कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारे. त्यांच्या मागे एकोणीस वर्षांचे नॉर्मंड, संघातले सर्वांत लहान पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, टोपी कानांपर्यंत आलेली. कार्डाची एक कड झिजून तिच्या चिंध्या झाल्यात. वरच्या बाजूला चिमट्याच्या तारेचा गंजका डाग आहे, आणि पपांच्या चेहऱ्यावरून एक घडी गेलेली आहे.

नॉर्मंडनी खिशातून टाइप केलेली पाटी काढली आणि चष्मा लावून वाचून दाखवली. ‘कॅचर आर्मां थिबो यांनी हे कार्ड आपल्या मुलीच्या सायकलच्या चाकात लावले होते.’

“आणि म्हणायचा काय,” ते हसत म्हणाले, “अख्खा संघ एकदम पळताना मी तेवढा एकदाच पाहिला.”

पन्नास वर्षं प्रत्येक जेवणावळीत पपांनी हा किस्सा सांगितला होता. मी त्या टेबलांवर असायची. सगळ्यांबरोबर हसायची.

त्या मोसमात संघाने शंभरावर सामने खेळले आणि सव्वीस जिंकले. जूनमध्ये मॅनेजर दात काढून येतो म्हणून गेला, तो परत आलाच नाही. जुलैत एकदा माणसं कमी पडली म्हणून बसचा ड्रायव्हर खेळला, आणि त्या दिवशी चेंडूला बॅट लागली ती त्याचीच. लोक मैदानावर येत राहिले, पण टिंगल करायला. पपांच्या हातून चेंडू फार सुटायचे. प्रत्येक वेळी ते जड पायांनी मागच्या जाळीपर्यंत धावायचे आणि प्रेक्षक पावलं मोजायचे. शाळेच्या अंगणात मुलं मला विचारायची, “काय गं, तुझे पपा आज किती मैल चालले?”

आमच्या गल्लीत मुलं सायकलच्या चाकात कार्डं लावत. कपड्यांच्या चिमट्याने कार्ड अडकवायचं, म्हणजे तारांवर आपटून मोटारीसारखा फटफट आवाज येतो. त्यासाठी नको असलेलीच कार्डं वापरायची, आवडत्या खेळाडूचं कुणी लावत नसे. ऑगस्टमधल्या एका रविवारी चर्चहून आल्यावर रेमंड नावाचा मुलगा म्हणाला, “हिने आपल्या पपांचं फ्रेम करून ठेवलं असणार.” मी घरात गेले, स्वयंपाकघरातल्या आरशाच्या चौकटीत खोचलेलं कार्ड काढलं, दोरीवरचा चिमटा घेतला आणि ते पुढच्या चाकाला लावलं. पहिल्या फेरीला मुलांनी टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या फेरीला पपा पायरीवर येऊन बसले होते, सुजलेला घोटा गरम पाण्याच्या टबात. त्यांनी हाक मारली. मी थांबले. त्यांनी वाकून चाकात पाहिलं, जरा वेळ पाहिलं.

“चिमटा खाली हवा,” ते म्हणाले. “असा आवाज बसका येतो.”

त्यांनी तो स्वतः खाली सरकवून दिला. मुलं बघत होती, म्हणून मी पुन्हा सायकलवर बसले. आवाज खरंच चांगला यायला लागला. जेवणाची हाक येईपर्यंत मी फेऱ्या मारत होते.

त्याबद्दल आमच्यात कधी एक शब्द झाला नाही. त्या हिवाळ्यापासून तो किस्सा त्यांचा झाला.

नॉर्मंड कार्ड पाकिटात घालत होते. मी गप्प राहिले असते तरी चालणार होतं. जाणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

“ते पपांनी नाही लावलं,” मी म्हटलं. “मी लावलं. त्यांच्या डोळ्यांदेखत. मुलांना दाखवायला, की मी पण हसतेय.”

ते थांबले. मी चिमट्याचंही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग हळू आवाजात सांगू लागले. चेंडू कॅचरच्या मागे गेला, की चूक टाकणाऱ्याची का झेलणाऱ्याची हे धावफलक लिहिणारा ठरवतो. त्या मोसमात दर सामन्यानंतर पपा त्याच्या खोलीत जिना चढून जात आणि म्हणत, तो माझा होता, माझ्या नावावर लिही.

“एकतीस चेंडू आहेत त्याच्या नावावर. त्याचे चार असतील फार तर, बाकी सगळे माझे. माझ्या नावावर लागले असते तर जूनमध्येच घरी पाठवलं असतं मला.” ते कार्डाकडे बघत म्हणाले, “तुला मुलं चिडवायची ते मला माहीत होतं, पोरी. मी गप्प बसलो.”

त्यांनी पाटी उलटी केली, मागच्या कोऱ्या बाजूवर पेनने लिहिलं आणि माझ्याकडे सरकवली. ‘हे कार्ड ओडील थिबो (वय दहा) हिने सायकलच्या चाकात लावले.’ खाली एकतीस चेंडूंचं होतं, नॉर्मंडच्या स्वतःच्या नावासकट.

“वय काढा,” मी म्हटलं.

“का? खरंच आहे ना ते.”

“सबब वाटते ती,” म्हणत मी त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि कंसातले दोन्ही शब्द खोडले.