लाळेचं भिंग

पाळणाघराच्या ताईंनी मला दारातच थांबवलं.

"एक तारखेला अडीच वर्षांची सगळी मुलं वरच्या खोलीत जातील. तुमची भिंगरी मात्र खाली तान्ह्यांमध्येच राहील."

"का हो?"

त्यांनी भिंगरीच्या गळ्यातलं लाळेरं काढलं आणि माझ्यासमोर पिळलं. खरंच पाणी निघालं. "सकाळपासूनचं हे चौथं. ठोकळे ओले, पुस्तकं ओली, शेजारच्याची बाही ओली. मुलं आता 'ई' करायला लागलीत. लाळ थांबली की लगेच वर घेते, शब्द देते."

ते 'ई' घरी येईपर्यंत कानात राहिलं. शिवाय गेले दोन महिने तिला तान्ह्यांजवळच बसवत होते, तिथे बोलायला कोण होतं? सहा-सात महिन्यांची बाळं. त्यांच्यात राहून माझी धावणारी पोरगी पुन्हा रांगायला लागली होती. "पाणी दे" म्हणणारी आता नुसती "आँ" करायची.

मुलांच्या डॉक्टरांनी घसा पाहिला, दात पाहिले, नाकाखाली छोटा आरसा धरला. दोन्ही नाकपुड्यांची वाफ आरशावर उमटली. "नाक मोकळं आहे. काळजीचं काही दिसत नाही, काही मुलांना जरा वेळ लागतो. बरं, लाळ कधी जास्त गळते?"

"सारखीच गळते."

"सारखीच असं नसतं. नीट बघा आणि महिन्याभराने मला सांगा."

झालं, मला तेवढंच हवं होतं. शोध घ्यायचा म्हटलं की माझ्या अंगात येतं.

आमचं चष्म्याचं दुकान घराखालीच आहे. नवरा नंबर काढतो, सासरे मागच्या टेबलावर काचा घासून फ्रेममध्ये बसवतात, मी गिऱ्हाईक बघते. पाळणाघर अर्ध्या दिवसाचं. बाकी वेळ भिंगरी काउंटरमागे उंच खुर्चीत, आमच्या तिघांच्या हाताशी. मी चष्म्याच्या काचा येतात तसलं एक रिकामं कागदी पाकीट घेतलं आणि ठरवलं, लाळ पुसली की एक टिंब.

चार ते सहा या वेळात टिंबं झाली अडतीस.

मी चाट पडले. तिच्याकडे बघत बसले होते, एवढी लाळ तर गळली नव्हती! दुसऱ्या दिवशी टिंबं दोन प्रकारची केली. थेंब असताना पुसलं तर भरीव, नसताना पुसलं तर पोकळ. भरीव निघाली अकरा. पोकळ एकतीस.

रात्रीचं जेवण वाढताना मी पाकीट नवऱ्यापुढे ठेवलं. "यातली सोळा तुझी. कोरडी हनुवटी पुसतोस तू."

"मी? छे! मी कधी पुसलं?"

"बाबांची नऊ."

"माझं नाव कशाला घेतेस," सासरे म्हणाले, आणि म्हणता म्हणता खिशातलं मऊ फडकं काढून त्यांनी भिंगरीची हनुवटी पुसली. तीही फडकं दिसल्याबरोबर मान वर करून, तोंड उघडं टाकून तयार! मग नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला.

दिवसभर काच पुसणारी माणसं आम्ही. समोर काही गोल, गुळगुळीत आलं की हात आपसूक फडक्याकडे जातो. गेल्या वर्षी नवऱ्याने एका गिऱ्हाइकाच्या कडेवरच्या बाळाचा गालही पुसला होता. त्या बाई चष्मा न घेताच निघून गेल्या. उरलेली सहा टिंबं माझीच होती, तेव्हा मला बोलायला तोंड नव्हतं. लाळ आली हे भिंगरीला कळायच्या आतच ती पुसली जात होती. मग ती गिळणार कशाला?

"उद्यापासून कुणी पुसायचं नाही," मी जाहीर केलं. "विचारायचं, भिंगरी, ओलं का कोरडं? तिने हात लावून बघायचं. ओलं असेल तर तिचं तिने टिपायचं."

पहिले चार दिवस नुसता पूर. भिंगरी भिजली, खुर्ची भिजली, माझा जीव टांगणीला. एक तारीख जवळ येत होती आणि मी ती जवळजवळ स्वतःच्या हाताने घालवत होते. सासरे तर दोन्ही हात पाठीमागे धरून फिरत होते. "सूनबाई, हे माझ्याच्याने होणार नाही. काचेवर डाग दिसतोय आणि मी बघत बसू?"

"काच नाही बाबा, नात आहे."

"डाग तर आहे ना!"

पण आता एक मात्र दिसत होतं. जेवताना लाळ नाही. गाणं म्हणताना नाही. सासऱ्यांची काचा घासायची सहाण गरगर फिरायला लागली की भिंगरीचं तोंड उघडायचं, डोळे तिथे चिकटायचे आणि धार सुरू. बघण्यात ती इतकी बुडायची की तोंड मिटायचं राहून जायचं.

पाचव्या दिवशी काउंटरवर जवळचं वाचायचं कार्ड पडलं होतं, चष्म्याचा नंबर बघायला देतो ते, बारीक अक्षरांचं, वर गुळगुळीत प्लास्टिक. भिंगरी त्यावर वाकली होती. टप्पकन एक थेंब पडला. माझा हात निघालाच होता, मी तो मागे घेतला.

थेंब फुगीर बसला होता, आणि त्याखालचं अक्षर भलं मोठं दिसत होतं.

"बाबा, इकडे या!"

सासऱ्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "अरेच्चा! पोरीने भिंग पाडलं की!"

भिंगरीने थेंबाकडे पाहिलं, बाजूच्या बारक्या अक्षराकडे पाहिलं, पुन्हा थेंबाकडे पाहिलं. मग बोट त्यात घालून भिंग मोडून टाकलं. आणि तोंड मिटलं. गाल जरा फुगले. कितीतरी वेळ हनुवटी कोरडी ठणठणीत! नंतर ती कार्डावर वाकली, ओठ बारीक उघडले आणि नेमक्या पुढच्या अक्षरावर थेंब सोडला.

"मोट्टं!" ती ओरडली. दोन महिन्यांनी आलेला नवा शब्द.

मला हसावं की रडावं कळेना. लाळ थांबवायला निघालो आणि पोरगी लाळेचा कारखाना काढून बसली. पण ती ओठ मिटून धरू शकत होती. स्वतःच्या मनाने. हे मी दहा वेळा बघितलं आणि अकराव्या वेळी नवऱ्याला धरून आणून दाखवलं.

एक तारखेला दारात ताईंनी आधी लाळेरं चाचपलं. घरून येईपर्यंत अर्धंच ओलं झालं होतं. "कमी आहे, पण आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात बघू."

मी बोलणार तेवढ्यात भिंगरी माझा हात सोडून आत पळाली. समोरच्या टेबलावर गुळगुळीत पानांचं चित्रांचं पुस्तक उघडं होतं. ती पुस्तकाजवळ गेली, ओठ गच्च मिटून उभी राहिली. खोली ओलांडताना जमिनीवर एक थेंब नाही. वाकून तिने बारक्या मुंगीच्या चित्रावर नेमका थेंब सोडला.

"मोट्टी मुंगी!"

मी डोळे मिटले. संपलं सगळं.

ताई पुस्तकाशी गेल्या, वाकल्या, मुंगीकडे निरखून पाहिलं. मग पुस्तक टिपून बंद केलं आणि भिंगरीकडे वळल्या.

"ही गळत नाहीये. मुद्दाम टाकतेय."

"हो," मी कसंबसं म्हणाले.

"मग ते निराळं. मुद्दाम करणारी वर माझ्याकडे चार आहेत, त्यांना मी बरोबर ओरडते." त्यांनी भिंगरीचा हात धरला. "चल गं, पाचवी. आणि पुस्तकावर पुन्हा नाही हं. वर खिडकीपाशी पाण्याची वाटी आहे, त्यात बोट बुडवून थेंब सोड."

भिंगरी जिना चढायला लागली, दोन पायांवर, एकेक पायरी. चौथ्या पायरीवर वरून कुणीतरी डोकावलं, तिचं तोंड उघडलं आणि हनुवटीवर थेंब आला. ताईंनी पदर उचलला.

"ताई, पुसू नका!" मी खालून ओरडले. "विचारा तिला!"

"काय विचारू?"

भिंगरीने हनुवटीला हात लावला, बोटाकडे पाहिलं, बाहीने खसकन पुसलं आणि पुढची पायरी चढली.