बापाकच्या पाठीमागे

मी मागून बोलतोय. वळून बघितलं नाहीत तरी चालेल, माझ्याकडे सहसा कोणी बघत नाही. मी एक मागचा स्पीकर, डावीकडचा. आम्ही पाच भावंडं. तिघं समोर बसतात, आम्ही दोघं पाठीमागे. सहावा आमचा खर्जातला थोरला. तो जाड्या जमिनीवर बसतो आणि त्याच्याच पोटातून आम्हा सगळ्यांच्या तारा निघतात.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते सोलो शहरातलं संगणकावर खेळण्याचं दुकान. तिथे मला छताजवळ टांगलं होतं. खेळणाऱ्या पोरांच्या पाठीमागून शत्रू आला की त्याच्या बुटांचा आवाज मी काढायचो. पोरं दचकून मागे बघत आणि मग स्वतःलाच हसत. लोकांना घाबरवणं हाच माझा धंदा. पुढे दुकान बसलं आणि आम्ही सगळे एका खोक्यात कोंबून जुन्या बाजारात आलो.

तिथून आम्हाला रातिहने उचललं. ती घरी बसून संगणकावर बातिकच्या कापडाची नक्षी काढते. तिने खोकं आणून ठेवलं ते थेट आजारी वडिलांच्या खोलीत.

वडिलांना घरात बापाक म्हणतात. नाव सुविग्न्यो. जन्मभर गामेलान या काशाच्या वाद्यांच्या ताफ्यात त्यांनी केंडांग वाजवला, म्हणजे मांडीशी आडवा ठेवून दोन्ही हातांनी वाजवायचा ढोल. काशाची सगळी वाद्यं त्या ढोलाच्या इशाऱ्यावर चालतात. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला, जीभ जड झाली. तेव्हापासून ताफ्याच्या सरावाचा आवाज गल्लीतून आला की ते खिडकीकडे बघत आणि त्यांची बायको, इबू, मुकाट्याने खिडकी लावून घेई. केंडांग कपाटावर चढला होता, वर पांघरूण.

"ऐकवून बघते," रातिह म्हणाली.

"नको गं, जखमेवर मीठ कशाला?" इबू म्हणाली.

"न ऐकून तरी कुठे बरी होतेय?"

थोरल्याच्या पोटातून तीन पिना निघतात: हिरवी, काळी, नारिंगी. संगणकाच्या पाठीला मात्र गुलाबी, निळं आणि हिरवं अशी तीनच भोकं. रातिहने हिरवी हिरव्यात घातली. उरलेल्या दोन हातात धरून ती बराच वेळ बघत राहिली, आणि मग तिने त्या तशाच लोंबत सोडल्या. संगणक पडद्यावर काहीतरी विचारत होता, ते तिने न वाचताच बंद केलं. समोरचे दोन भाऊ गाऊ लागले. आम्ही बाकीचे मुके.

तिने ताफ्याचं एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं होतं. बापाकने थोडा वेळ ऐकलं. मग डोळे भरले.

"बंद कर."

"का हो बापाक? तुमचाच ताफा आहे."

"माझा कसला? सगळे समोर वाजवतायत. मला लोकांत बसवलंस. तिकीट काढून आल्यासारखं."

रातिहने बंद केलं. इबूने कढईत सोयाबीनचे तेंपे परतताना झारा असा आपटला की आम्हालाही कळलं. मला वाटलं, आता परत जुना बाजार.

पण पोरीच्या डोक्यातून ते वाक्य जाईना. बापाक ताफ्याच्या मधोमध बसत. डावीउजवीकडे वाद्यं, समोर गाणारी, आणि पाठीमागे डाव्या अंगाला काशाच्या थाळीसारखी मोठी गाँग घेऊन तुकिरान, त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. ती उठली आणि तुकिरानकाकांच्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी ताफा जमला, आणि बापाकच्या रिकाम्या चटईवर रातिह स्वतः बसली. एक ध्वनिमुद्रण यंत्र तिने पुढे तोंड करून ठेवलं, एक मागे. ढोल कोणीच वाजवायचा नाही, असं तिने सांगितलं होतं.

आता आमचं बघायचं होतं. आम्हा दोघा मागच्यांना तिने बापाकच्या पलंगामागच्या फळीवर बसवलं. यावेळी संगणकाने विचारलेलं तिने नीट वाचलं. काळी पिन निळ्यात, नारिंगी गुलाबीत, आणि संगणकाला सांगायचं, की या भोकांतूनही आता आवाज बाहेर जायचा आहे आणि आम्ही एकूण सहा जण आहोत. मग संगणकाने एकेकाची हजेरी घेतली. माझी पाळी आली आणि इतक्या दिवसांनी माझ्या तोंडून एक बारीकसा आवाज निघाला.

"कुठली पाल चुकचुकली गं?" इबू दचकून म्हणाली.

"पाल नाही, इबू, मागचा स्पीकर," रातिह हसत म्हणाली. समोरचे आवाज समोरच्यांना आणि मागचे आम्हाला असं तिने वाटून दिलं.

दुपारी मोगऱ्याच्या चहाचा पेला बापाकच्या उशाशी ठेवून तिने ते लावलं. मी घाबरलो होतो. आजवर पाठीमागून मी फक्त दचकवलं होतं.

वाद्यं हळूहळू त्यांच्या दोन्ही अंगांनी सुरू झाली. मग माझ्यातून तुकिरानच्या गाँगचा ठोका पडला. तो खोल घुमार माझ्या इवल्याशा छातीत मावत नाही, तो थोरल्याने उचलला. पण कुठून आला हे मी सांगितलं. बापाक दचकले नाहीत. त्यांचे खांदे सैल पडले.  मग कपाळाला आठी पडली.

"धावतायत गाढवं!" ते म्हणाले. "ढोल कुठाय?"

 त्यांचा डावा हात पांघरुणातून बाहेर आला आणि पलंगाच्या कडेवर वाजू लागला.

इबूने स्टूल ओढलं आणि कपाटावरून केंडांग उतरवला. आधी तो पदराने पुसला, मग स्वतःचे डोळे. बापाकच्या मांडीवर ठेवला तेव्हा डावी बाजू लगेच बोलली. उजवी बाजू, मोठी, गप्प. ते तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता पुन्हा "बंद कर" म्हणणार.

"इकडे बस," ते रातिहला म्हणाले.

"मला येत नाही, बापाक."

"मी मान हलवीन तेव्हा मार. येत नाही म्हणे!"

ती पलंगावर चढून त्यांच्या उजव्या कुशीला बसली. त्यांनी मान हलवली, तिने थाप मारली. उशिरा पडली. पुन्हा मारली. "भाकऱ्या थापतेस का?" ते म्हणाले, आणि आजारपणानंतर पहिल्यांदा इबू मोठ्याने हसली. त्यानंतर रोज दुपारी बापलेक आमच्यासोबत वाजवू लागले, दोघांत मिळून एक ढोलकरी.

एकदा तुकिरान आला. माझ्यातून स्वतःची गाँग ऐकून त्याने माझ्याकडे वळून बघितलं. "मी इतका उशिरा मारतो?"

"जन्मभर सांगतोय," बापाक म्हणाले.

गेल्या आठवड्यात तो सगळ्या ताफ्यालाच घेऊन आला. खोलीत सगळे मावेनात, निम्मे ओसरीवर बसले. गाँग मात्र त्याने आत आणली आणि माझ्या फळीखालीच टांगली. त्या दिवशी आमच्या पिना काढून ठेवल्या होत्या. बापाकने डाव्या हाताने सुरुवात केली, रातिहने उजवीकडून थाप दिली. ती वेळेवर पडली.

मग तुकिरानने ठोका दिला. मला कुठेही जोडलेलं नव्हतं, तरी त्या घुमाराने माझा पडदा आतून थरथरला. इतकी वर्षं लोकांच्या पाठीमागे बसलो, पण असं कोणी माझ्याशी बोललं नव्हतं.

आता ताफा अधूनमधून येणार म्हणतात, म्हणजे माझं काम कमी होणार. होऊ दे. इबू, घर झाडताना मला या फळीवरून मात्र हलवू नकोस. तुकिरान खाली येऊन बसला की मला इथेच असायचं आहे.