चिकट राहिलेली चाकं

लोकांच्या लग्नातले हार आमच्या गॅलरीत वाळत असतात. पहिल्यांदा येणारा माणूस ते बघून दचकतो, घरात काही बरंवाईट घडलंय की काय असं त्याला वाटतं. मग मी सांगते, बाबा रे, हा माझा धंदा आहे. नवरा-नवरीच्या हारातली फुलं वाळवायची, साच्यात मांडायची, वरून रेझिन ओतायचं. रात्रभरात ते काचेसारखं घट्ट होतं आणि लोक ते भिंतीवर टांगतात.

माझे सासरे, केरूआबा, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी कळवणहून आले, तेव्हा हे सगळं बघून म्हणाले होते, "फुलं सुकली की नदीला सोडायची असत्यात. त्यांना कशाला कोंडता?"

"लोक हौसेनं कोंडून घेतात आबा, मी काय करू?" मी म्हटलं. आमची सुरुवात ही अशी.

आबांनी उभा जन्म ट्रक चालवला. स्वतःची दहा चाकी गाडी होती, कळवणचा कांदा भरून इंदूरला, नाहीतर वाशीला. डोळ्यांनी दगा दिला तशी गाडी विकली. सासूबाई मी या घरात येण्याआधीच गेल्या होत्या, त्यामुळे आबा गावाकडे धाकट्या भावाच्या, भिकाकाकांच्या शेजारी एका खोलीत राहायचे. ऑपरेशन झाल्यावर डोळ्याला पट्टी बांधून ते आमच्या गॅलरीत बसायचे. आमचा फ्लॅट नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ, हायवे ऐकू येतो. नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, ही भरलेली चालली, ही रिकामी, हिचा गिअर अडकतोय, ड्रायव्हर नवा दिसतोय. मी फुलं मांडता मांडता "हो का" म्हणायची. खरं खोटं बघायला हायवेवर कोण जातंय!

पट्टी सुटली त्या संध्याकाळी हर्षलनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, विचारलं, "आबा, आता पुढं कसं करायचं? तुमची मर्जी हं. आमची जबरदस्ती नाही."

मीही लगेच री ओढली. "हो आबा, तुम्हाला जिथं बरं वाटेल तिथं."

आपण किती समजूतदार मुलगा-सून आहोत, असं वाटून आम्ही दोघं मनातल्या मनात खूश झालो. आबा थोडा वेळ हाताच्या रेषा बघत बसले. मग म्हणाले, "मग जातो कळवणला. डॉक्टरला एकदा बघू दे, की निघतो."

त्या मधल्या दिवसांतली गोष्ट. माझ्या वाटीत थोडं रेझिन उरलं होतं. आबा म्हणाले, "ह्याचं चाक होईल का गं?"

"कसलं चाक?"

त्यांनी खिशातून औषधाच्या बाटलीचं झाकण काढलं. त्यावर माझ्याच कानसीनं बारीक खाचा पाडून त्याचा टायर केला होता. कानस मी दोन दिवस शोधत होते, पण ते झाकण बघून रागवायचं राहूनच गेलं. मी त्याचा रबराचा साचा केला, उरलेल्या रेझिनमध्ये काळा रंग कालवून ओतलं, आणि दुसऱ्या दिवशी साच्यातून खाडकन चाक बाहेर आलं. आबांनी ते उजेडात धरलं. नवजात नातवंडाकडे बघावं तसे ते त्या चाकाकडे बघत होते.

"झ्याक झालंय," ते म्हणाले, आणि लगेच, "पण नट राहिले की!"

मग नटांसाठी नवं चाक कोरलं. मग चाकाला चेसी, म्हणजे खालचा सांगाडा पाहिजे, चेसीला केबिन, केबिनला दार. हां हां म्हणता आमच्या जेवणाच्या टेबलावर आबांची जुनी गाडी उभी राहायला लागली, हातभर लांबीची. ते कोरायचे, मी साचे करायची. बुडबुडे आले की मी टाचणीनं फोडायची आणि ते श्वास रोखून बसायचे. आरशावरून आमचं भांडण झालं. पुढचा गोल आरसा डावीकडे होता असं ते छातीठोकपणे सांगत होते. मी भिकाकाकांकडून जुना फोटो मागवला, तर आरसा उजवीकडे! "फोटो उलटा काढला असंल," म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं! जेवताना चकार शब्द बोलले नाहीत, भाकरी मात्र एक जास्त खाल्ली.

हर्षल सकाळी अंबडच्या कंपनीत गेला की दिवसभर मी आणि माझी मुकी फुलं, असं माझं आयुष्य होतं. आता घरात भांडायला माणूस होतं. मला आबा आवडायला लागले होते, हे सरळ सांगते. पण डॉक्टरांनी डोळा छान झाल्याचं सांगितलं आणि आबा म्हणाले, "एवढा ट्रक झाला की निघतो बघ."

"बरं," मी म्हटलं. जबरदस्ती नाही असं म्हणून बसले होते ना! आता कोणत्या तोंडानं अडवू? म्हाताऱ्या माणसाला आपलं गाव, आपली माणसं हवी असतात, आपण आपल्या सोयीसाठी त्यांना फ्लॅटमध्ये डांबायचं का? अशी मी स्वतःची समजूत घालायची. तिकडून भिकाकाकांचा फोन यायचा, "दादा, कधी येतो? तुझी खोली रिकामी पडलीय." आणि आबा म्हणायचे, "चाकं लावायची राहिलीत फक्त."

दहा चाकं ओतायचं काम मी शेवटासाठी ठेवलं होतं. केबिन रंगली, मागच्या फाळक्यावर वेलबुट्टी निघाली. आता रेझिन मोजून कालवायचं कामही आबांनी अंगावर घेतलं होतं. "मला दिसतंय आता चांगलं, तू हार बघ तुझे." यात मोजमापाला फार महत्त्व. दोन बाटल्या असतात, एकीत रेझिन, दुसरीत ते घट्ट करणारं हार्डनर. हार्डनर कमी पडलं की माल कधीच वाळत नाही, गुळाच्या पाकासारखा चिकट राहतो.

आणि चाकं चिकटच राहायला लागली. पहिल्यांदा मी थंडीला दोष दिला. नाशिकची जानेवारीतली थंडी, रेझिन तरी काय करणार! दुसऱ्या खेपेला मी हेअर ड्रायर घेऊन चाकांसमोर बसले. तरी बोट लावलं की ठसा उमटायचा. मग माझं डोकं सरकलं आणि मी दुकानदाराला फोन लावून भेसळीपासून फसवणुकीपर्यंत सगळं ऐकवलं. आबा शेजारी बसून ऐकत होते. "जाऊ दे गं, एवढं बोलू नये," असं पुटपुटले, तर मी त्यांनाही गप्प केलं.

पण त्याच बाटल्यांमधून मी एका नवरीचा हार ओतला होता, तो दगडासारखा घट्ट झाला. तेव्हा माझ्या डोक्यात वेगळीच पाल चुकचुकली. आबांना वजनकाट्यावरचा आकडा दिसत नसेल का? डोळा पुन्हा बिघडला असेल आणि आपल्याला त्रास नको म्हणून बोलत नसतील का? दुपारी ते नवी खेप करायला बसले, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दाराआडून बघत राहिले.

आकडा त्यांना छान दिसत होता. वजनकाट्यावर कप ठेवून त्यांनी हार्डनर थेंब थेंब बरोबर मापात घेतलं, मान हलवली. मग स्वयंपाकघराच्या दिशेनं एकदा बघितलं, आणि कपातलं अर्धं हार्डनर हळूच बाटलीत परत ओतलं.

मी दाणदाण पाय आपटत बाहेर आले. "आबा! हे काय चाललंय?"

त्यांनी बाटली लपवली नाही. "पाह्यलंस तू?"

"पाहिलं! आणि त्या बिचाऱ्या दुकानदाराला मी नाही नाही ते बोलले."

"त्याचं मलाबी लय वाईट वाटलं."

"मग का करताय असं?"

आबांनी चाकाविना पडलेली गाडी जवळ ओढली, केबिनचं दार उघडलं, मिटलं. "चाकं लागली म्हंजे गाडी निघाली. मी बोलून बसलोय ना, ट्रक झाला की निघतो. बोललेला शब्द कसा फिरवू?"

"म्हणजे तुम्हाला जायचंच नाहीये?"

आबांनी केबिनचं दार पुन्हा उघडलं.

"मग तसं म्हणायचं ना! राहतो म्हणायला काय होतं?"

"कसं म्हणू पोरी? मी ट्रकवाला माणूस. माल उतरला की कोणाच्या दारात गाडी उभी करायची नाय. कोणी हटकायच्या आत आपली आपण काढायची. जन्मभर तेच केलं." त्यांनी गाडीचं दार मिटलं. "हर्षल म्हणला, तुमची मर्जी. तू म्हणलीस, बरं वाटंल तिथं. थांबा म्हणून कोणी म्हणलंच नाय."

मी समोरची खुर्ची ओढून बसले. एरवी माझ्या तोंडाचा पट्टा चालू झाला की सोसायटी ऐकते, आणि एवढा एक शब्द माझ्याच्यानं निघाला नव्हता. मी रडायला लागले. आबा घाबरून इकडेतिकडे बघायला लागले, मग रेझिन पुसायचं फडकंच त्यांनी माझ्या हातात दिलं.

"आबा, थांबा," मी म्हटलं. "माझी मर्जी आहे. मला तुम्ही इथं हवे आहात. गेलात तर मी परत एकटी पडेन."

आबांनी मान खाली घातली. "हर्षलचं काय?"

मी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मागे मशिनचा खडखडाट. "काय झालं? आबा बरे आहेत ना?" हर्षल ओरडला.

"बरे आहेत. त्यांना थांबा म्हण."

"काय?"

"आबा कळवणला निघालेत. त्यांना थांबा म्हण, आधी म्हण!"

आवाज एकदम कमी झाला. तो बाहेर कुठेतरी आला असावा. "आबा," तो म्हणाला, "मला वाटलं, तुम्हालाच जायचंय. मी काही बोललो नाही. पण रोज लिफ्टमधून बाहेर आलो की आधी दारातल्या तुमच्या चपला बघतो. त्या दिसल्या की मग बेल वाजवतो. थांबा ना आबा."

आबांनी फोन आपल्याकडे सरकवून घेतला. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून डोळ्यांतून आलेलं पाणी त्यांनी तसंच वाहू दिलं.

"बरं बरं," शेवटी ते म्हणाले. "काम कर तू तुझं, मालक बोंबलंल."

फोन ठेवून मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी कप पुन्हा काट्यावर ठेवला, हार्डनरची बाटली उचलली आणि एक डोळा बारीक करून आकडा बघत मला म्हणाले,

"भिकाला फोन लाव. म्हणावं, दादाच्या खोलीत खुशाल कांदा भर."