कवळी आणि बेअरिंग

मिस्तरींच्या गॅरेजात पाना कुणीही फिरवावा, पण 'बदलायचं की ठेवायचं' हा निकाल मिस्तरींच्या दातांनीच द्यायचा, असा शिरस्ता होता. हो, दातांनीच. समोरचं बोलणं ऐकू यायचं, पण पत्र्यावरच्या ठणठणाटाने बारीक आवाजांपुरते त्यांचे कान केव्हाच अंग काढून बसले होते. तेव्हापासून ते स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चाकामागच्या लोखंडाला टेकवायचे, मूठ दातांत धरायचे आणि कुणाला तरी चाक फिरवायला लावायचे. आतली कुरकुर दातांवाटे थेट डोक्यात! "ऐकायचं काम देवाने एकट्या कानांवर सोडलेलं नाही," असं म्हणून ते हसायचे.

आज जॅकवर चढली होती ती आक्काची व्हॅन. आक्का म्हणजे मिस्तरींची थोरली बहीण. रोज सकाळी आजारी माणसांना घेऊन ती घाट चढायची आणि वरच्या दवाखान्यात पोचवायची. मागच्या डाव्या चाकातून तेल पाझरत होतं, पार ब्रेकपर्यंत.

"तेल अडवणारं सील गेलंय," मिस्तरींची सून म्हणाली. गॅरेज आता तीच चालवायची. "ॲक्सल बाहेर काढावाच लागणार. बाबा, मी म्हणते, सीलच्या मागचं बेअरिंगही बदलून टाकू. एवढं उघडतोय तर पुन्हा कशाला उघडायचं?"

मिस्तरींच्या कपाळाला आठी पडली. "हेच! अगदी हेच तो दातवाला म्हणाला होता. 'एवढे काढतोय तर शेजारचे तीनही काढू, पुन्हा कशाला या!' धडधाकट होते गं माझे तीन दात. नुसते वाईट संगतीत होते."

"अरे, पण कवळीने रूप किती खुललंय तुझं!" स्टुलावर बसलेली आक्का म्हणाली. "आठ दिवस झाले, हसलास की मी दचकते. वाटतं, कोण हा पाहुणा?"

"आक्का, तू गाडीची मालकीण आहेस, गप्प बस."

"मालकीण आहे म्हणूनच बोलते. काय ते नीट ठरवा. उद्या घाटात चाक माझ्या आधी खाली पोचायला नको."

थट्टा होती, पण सुनेच्या हातातला पाना क्षणभर थांबला. गाडीत आक्का एकटी नसते. मागे सहा जण असतात, आणि त्यांतल्या निम्म्यांना धड उभंही राहता येत नाही.

मिस्तरींनी मूठ दातांत धरली. सुनेने चाक फिरवलं. डोळे मिटून ते ऐकत राहिले, एखादा माणूस प्रवचनाला बसतो तसे.

"गप्प आहे. शांत समाधी लागलीय. सील बदल आणि बेअरिंगला हात लावू नकोस."

सून चाकाकडे बघत राहिली. सासऱ्यांचा निकाल कधी चुकला नव्हता. पण चाक फिरताना तिच्या तळहाताला काहीतरी लागलं होतं. खडा नव्हे, खड्याची नुसती शंका. मग बाबा 'गप्प आहे' म्हणतात ते कसं? आणि एकदम तिच्या मनात वेगळंच कुतूहल जागं झालं. दातांतून यांना ऐकू येतं तरी कसं?

"बाबा, मी बघू एकदा? नुसतं बघायचं म्हणून."

"बघ की. तोंड कडू होईल तेवढं."

तिने मूठ पदराने पुसली आणि दातांत धरली. मिस्तरींनी चाक फिरवलं. आधी नुसती घरघर आली. मग प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी, वाळूवरून चप्पल ओढल्यासारखं, खर्र. पुन्हा खर्र. सुनेचे डोळे मोठे झाले.

"बाबा, हे बोलतंय!"

"काहीतरीच! मला कसं ऐकू येत नाही मग?"

सून नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. आक्कानेही बघितलं. मग मिस्तरींचा हात आपसूक गालावर गेला.

"अगं बाई," आक्का हळूच म्हणाली, "तू दातांनी नाही, कवळीने ऐकतोयस रे!"

आठ दिवसांत अजून कोणकोणत्या गाड्या 'गप्प' म्हणून सोडल्या, हे मिस्तरी मनात आठवत असावेत. मग त्यांनी पाठ फिरवली, कवळी काढून नटबोल्टच्या ताटलीत ठेवली आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबून धरली.

"फिव पोरी," ते म्हणाले. म्हणायचं होतं 'फिरव'.

तिने चाक फिरवलं. एक फेरा, दुसरा. तिसऱ्याला म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला, जणू हरवलेला माणूस दारात येऊन उभा राहिला.

"आहे," ते बोबड्या सुरात म्हणाले. "खरखरतंय. बदलायचं."

ॲक्सल बाहेर आला तेव्हा सुनेने बेअरिंग पुसून उजेडात धरलं. रोलरवर गोवर उठल्यासारखे बारीक खड्डे पडले होते. सील बिचारं ह्याच्याच हादऱ्यांनी फाटलं होतं. नुसतं सील बदललं असतं तर तेही टिकलं नसतं.

"चला, सुटले," आक्का उठली. "आता उजव्या चाकाचंही बदलून टाका. एवढी चढवलीच आहे गाडी तर..."

"थांब!" मिस्तरींनी हात वर केला. "दातवाल्यासारखं बोलू नकोस. आधी त्या चाकाला विचारू तरी." आणि स्क्रू-ड्रायव्हर त्यांनी सुनेपुढे धरला. "तू विचार. तुझे दात अजून तुझे आहेत. ह्या आठ दिवसांत गेलेल्या गाड्याही उद्या परत बोलवू, त्याही तूच ऐक."

सुनेने मूठ दातांत धरली. मिस्तरी चाक फिरवत राहिले आणि चाकाऐवजी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"काही नाही, बाबा," ती बऱ्याच वेळाने म्हणाली. "नुसतं फिरतंय."

"मग राहू दे त्याला."

"आणि ही?" आक्काने ताटलीतली कवळी दोन बोटांनी उचलली. "ही बसवायची, की हिचंही बेअरिंग बघायचं आधी?"