फोड आलेले कागद

"बाई, सामान बांधून ठेवा. मळणीआधी मला गोण्यांना जागा पाहिजे," काका दारातूनच म्हणाला.

"अर्धी खोली तुमच्या गोण्यांनीच भरलीय," बाई म्हणाल्या.

"मग आता उरलेली अर्धी."

गोठ्याला लागूनच्या त्या खोलीत बाई काकाच्या पुतणीला शिकवत होत्या. पोरीला जन्मापासून दिसत नव्हतं. आवाज मात्र माळभर ऐकू जायचा, म्हणून सगळे तिला टिटवी म्हणायचे. आईबाप नव्हते. काकाच्या घरी ती दिवसभर कणसं सोलायची.

बोटांनी वाचायची ठिपक्यांची लिपी होती, पण ती शाळेच्या भाषेसाठी. आमच्या बोलीत घशात अडवून सोडायचे आवाज आहेत, त्यांना तिच्यात जागा नव्हती. सहा ठिपक्यांच्या ज्या मांडण्या कुणी वापरल्या नव्हत्या, त्या शोधून बाईंनी एकेका आवाजाला एकेक दिली. त्यासाठी त्या खालच्या गावाहून येऊन दारोदार फिरायच्या आणि आम्हाला एकच शब्द पुन्हा पुन्हा बोलायला लावायच्या. काही घरांनी तर मुद्दाम चुकीचं सांगितलं.

"आपलं बोलणं आपल्या तोंडात बरं," काका म्हणायचा. "कागदावर गेलं की परक्याचं झालं."

शेवटी गावच्या कारभाऱ्यांनी निवाडा दिला. टिटवीने गावासमोर वाचून दाखवावं. वाचलं तर खोली बाईंची, नाही तर बाईंनी डोंगर उतरायचा आणि पोरीने कणसांकडे परत जायचं.

ठरलेल्या दिवशी दुपारी आम्ही खळ्यावर जमलो. टिटवीने कागदावर बोटं फिरवली, थांबली, पुन्हा फिरवली.

"इथे काहीच नाही, बाई."

"आता बोटंही आंधळी झाली वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

बाईंनी कागद चाचपला. गुळगुळीत. बाकीचेही तसेच.

"ते कागद होय?" काकी पुढे आली. "ओल लागून फोड आले होते त्यांना. मी काल गोण्यांखाली दाबून ठेवले. झाले ना सपाट?"

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. इतक्या दिवसांत काकीने त्यांचं केलेलं हे पहिलंच काम.

"झालं तर," काका म्हणाला. "निघा."

"एक कोरा कागद आहे." बाईंनी छिद्रांची पट्टी आणि टोचा काढला. "टिटवीला ऐकू येणार नाही इतकं लांब न्या. आणि तुम्हीच एक वाक्य सांगा, तुमच्या बोलीत."

सुताराची बायको पोरीला ओढ्याकडे घेऊन गेली.

"तुम्हाला नीट बोलता येत नाही, लिहिणार काय?" काका हसला. "घ्या. ही आंधळी जन्मताच मेली असती, तर घरातलं एक ताट वाचलं असतं."

बाईंचा हात थांबला. "दुसरं सांगा."

"का? घशातले आवाज अडले?"

बाई खाली मान घालून उजवीकडून डावीकडे टोचत गेल्या. ठिपके कागदाच्या पलीकडच्या बाजूला उठतात, म्हणून लिहायचं उलटं.

टिटवी आली. बोट ठेवलं. एका घशातल्या आवाजापाशी अडखळली, मागे आली, आणि मग सगळं वाक्य वाचलं, तिच्या त्या आवाजात. ओढ्यापलीकडची गुरं राखणारेसुद्धा वळून बघू लागले.

वाचून झालं तरी बोट शेवटच्या ठिपक्यांवरच होतं.

"हे काकाचं आहे," ती म्हणाली. "बाई असं बोलत नाहीत."

कारभारी जमिनीकडे बघत म्हणाले, "खोली राहू दे."

"तो कागद इकडे आण. फाडायचाय मला," काका म्हणाला.

"थांब." तिने बाईंकडून पट्टी घेतली, कागदाच्या उरलेल्या जागेवर बसवली आणि टोचत राहिली. टक, टक, टक. या वेळी कुणी हसलं नाही. मग तिने कागद काकासमोर धरला.

"काय लिहिलंस?"

"शिकलास की कळेल."

काकाने ठिपक्यांवरून अंगठा फिरवला आणि आमच्याकडे पाहिलं. आमच्यातल्या कुणालाच ते वाचता येत नव्हतं. बाईंना येत होतं, पण त्या खोलीतल्या गोण्या बाहेर ओढायला निघून गेल्या होत्या.