भेट मिळालेला कॅट

भविष्य सांगणाऱ्या टॅरो पत्त्यांचा पहिला कॅट स्वतः विकत घ्यायचा नसतो, तो भेटच मिळावा लागतो, असं इशरतने मासिकात वाचलं होतं. नवऱ्याला तिने तीन वर्षं सुचवून पाहिलं. पण तो मेला दर ईदला आपल्याच लूमचं कापड आणायचा! शेवटी वैतागून तिनेच मुंबईहून कॅट मागवला आणि शेजारच्या तुळजाच्या हातात कोंबला. “उद्या हा मला भेट दे. विकत घेतलेला चालत नाही, नियमच आहे तसा.”

दुसऱ्या दिवशी इशरत गेली, तर तुळजाच्या ओटीवर बायकांची रांग आणि तुळजा ऐटीत पत्ते पिसतेय.

“अगं, माझा कॅट?”

“तुझा कसा? तू इकत घेतलास, मला भेट मिळाला. नियम तूच सांगितलास ना? बस आता, तुझा नंबर चौथा हाय.”